दिवा का लुकलुकला? फँटसी सिरीज बारकाईने कशी बघायची, अगदी पहिल्यापासून

रविवारी दुपारी आमच्या घरी, सोलापुरात पूर्व भागात, पाच-सहा पोरंपोरी जमतात. कुणी मास कॉमचं, कुणी बीएचं, एकजण तर बारावी सायन्सचा आहे. आम्ही एकच काम करतो, एखाद्या सिरीजमधला दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि तो परत परत बघायचा. नवीन येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या दिवशी हेच विचारतं, "ताई, म्हणजे नेमकं करायचं काय? स्टोरी सांगायची का?" स्टोरी नाही सांगायची. मग काय करायचं, ते एकदा नीट लिहून काढतेय, म्हणजे ज्यांना घरी बसून एकट्याने सुरुवात करायचीय त्यांनाही उपयोग होईल.

आधी दोन शब्द. मीडिया लँग्वेज म्हणजे पडद्याची बोली. डायलॉग हा तिचा एक छोटा भाग. उजेड, रंग, कपडे, कॅमेरा कुठं ठेवलाय, आवाज, कट कुठं मारलाय, टायटलचं अक्षर कसलं आहे, हे सगळं त्यात येतं. आणि रिप्रेझेंटेशन म्हणजे कुणाला कसं दाखवलंय. बाई कशी, पोर कसं, गरीब कसा, काळा माणूस कसा, गाव कसं. पहिल्यातून दुसरं तयार होतं, म्हणून दोन्ही एकत्र शिकायचं. माणूस भला की बुरा हे डायलॉग सुरू व्हायच्या आधी त्याच्या शर्टाने आणि उजेडाने सांगून टाकलेलं असतं.

फँटसीच का घ्यायची, असंही विचारतात. साध्या घरगुती मालिकेत ओटा दिसला तर आपण म्हणतो घर आहे, ओटा असणारच. फँटसीत असं काहीच आपोआप नसतं, राक्षसाचं तोंड कसं उघडतं, शक्ती कुणाला मिळते, ती वापरल्यावर काय होतं, प्रत्येक गोष्ट कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेली असते. आणि ठरवलं म्हटल्यावर विचारता येतं, असंच का ठरवलं? 'ती तर जादू आहे, त्यात काय एवढं' असं जो म्हणतो त्याला मी दर वेळी सांगते की जादू आहे म्हणूनच विचारायचं, कारण तिथं खऱ्या जगाचं बंधन नव्हतं, तरी जुनंच उचललं असेल तर ते का उचललं?

उदाहरण म्हणून 'स्ट्रेंजर थिंग्ज' घेतेय, कारण आमच्यातल्या जवळपास सगळ्यांनी बघितलीय आणि पहिल्या सीझनचे आठच एपिसोड आहेत. १५ जुलै २०१६ ला नेटफ्लिक्सवर आठही एकदम आले. गोष्ट १९८३ मधली, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव. विल नावाचा मुलगा गायब होतो, आणि त्याला शोधणाऱ्या मित्रांना जंगलात एक मुलगी सापडते, डोक्याचे केस बारीक कापलेले, नाव इलेव्हन, म्हणजे नुसता आकडा. तुम्ही दुसरी कुठलीही सिरीज घेऊ शकता, पद्धत तीच.

पहिली पायरी, तुकडा छोटा घ्या

अख्खा सीझन घेऊन बसू नका. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, आठ तास बघतो आणि लिहिताना दोन ओळीत स्टोरी उतरवून मोकळा होतो. दोन ते तीन मिनिटं बास. सुरुवातीचा सीन सगळ्यात बरा, कारण बनवणाऱ्यांनी तिथं सगळी ताकद लावलेली असते, अजून कुणी ओळखीचं नाही, जग माहीत नाही, म्हणून चित्राने आणि आवाजानेच सगळं सांगावं लागतं.

वहीचं पान मधून दुमडा. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. पहिल्या तीन वेळा फक्त डावीकडे लिहायचं.

दुसरी पायरी, आवाज बंद

म्यूट करा आणि फक्त जे आहे ते लिहा. भीतीदायक, सुंदर, गूढ असले शब्द डावीकडे चालणार नाहीत. पहिल्या एपिसोडची सुरुवात अशी लिहिली जाईल: रात्रीचं आकाश. खाली लॅबची बिल्डिंग. लांब कॉरिडॉर, ट्यूबलाईट लुकलुकतायत. दार उघडून पांढऱ्या कोटातला माणूस पळत येतो. लिफ्टचं बटण दाबत राहतो. लिफ्टमध्ये शिरतो, वर बघतो, वर ओढला जातो. कट. घरासमोरची हिरवळ, पाण्याचा फवारा. मग तळघरात चार पोरं टेबलाभोवती, फाशांचा खेळ चाललाय.

हे कंटाळवाणं वाटतं, माहितीये. पण आमच्यातल्या एका पोरीने असं लिहिताना एक गोष्ट पकडली, ती नुसतं बघताना कुणाच्याच लक्षात आली नव्हती. राक्षस आपल्याला दिसलेलाच नाही. माणूस वर बघतो आणि कॅमेरा माणसावरच राहतो. डाव्या रकान्यात 'राक्षस' हा शब्द लिहायला तिचा पेन थांबला, कारण तो तिथं नव्हताच. आता या एका गोष्टीवर तुम्ही पानभर लिहू शकता.

तिसरी पायरी, आता फक्त आवाज

मोबाईल पालथा ठेवा, इयरफोन लावा, तोच तुकडा ऐका. काय ऐकू येतं ते क्रमाने लिहा. कॉरिडॉरमध्ये दिव्यांचा करकर आवाज, धाप, बटणाची टकटक, वरून घुरघुर. आणि कट झाल्यावर फवाऱ्याचा चिस् चिस् आवाज, जो क्षणभर आधीच्या सीनचाच वाटतो. म्हणजे चित्र बदललं तरी भीती आवाजातून घरापर्यंत आली. आपण फवाऱ्याला घाबरतो, आणि फवाऱ्याने कुणाचं काय बिघडवलंय?

आपल्या मालिकांत याचा सराव लै सोपा आहे. सासूचा चेहरा तीनदा झूम होतो आणि प्रत्येक झूमला ढॅण्ण असा आवाज येतो ना, तो आवाज काढून बघा. ती बाई नुसती उभी आहे.

चौथी पायरी, उजवा रकाना, आणि इथं रेंगाळायचं

आता 'वाटलं' लिहायचं. इथं रोलां बार्थ या फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं उपयोगी पडतं: चिन्हाचा एक सरळ अर्थ असतो आणि त्याच्यावर चढलेला दुसरा अर्थ असतो. लाल गुलाब म्हणजे एक फूल, आणि लाल गुलाब म्हणजे प्रेम. दुसरा अर्थ फुलात नसतो, तो आपण समाजात वाढताना शिकलेलो असतो. म्हणून उजवीकडे लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं, हे मी कुठं शिकले?

लुकलुकणाऱ्या दिव्याचंच बघा. सगळ्या पोरांनी उजवीकडे लिहिलं, 'धोका, काहीतरी येणार'. पण त्या दिवशी आमच्या शेजारच्या अक्का पण बसल्या होत्या. अक्कांचं घर तेलुगू, मराठी सोलापुरी, इंग्रजीचा संबंध नाही, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत वळत बघत होत्या. दिवे लुकलुकायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "व्होल्टेज कमी झालं की काय." पोरं हसली. मी थांबवलं, कारण ते अगदी बरोबर वाचन होतं. अक्कांच्या घरात वर्षानुवर्षं यंत्रमाग चालला. ज्या कारखान्यात बल्ब मंद झाला की माग अडखळतो, धोटा मध्येच थांबतो आणि दिवसाच्या मजुरीला खोट बसते, तिथं लुकलुकता दिवा म्हणजे भूत नाही, नुकसान. भीतीपेक्षा वैताग जास्त. अमेरिकेत ज्याला लाईट जाणं हीच विचित्र गोष्ट वाटते त्याला त्यात दुसरं जग दिसतं, आपल्याकडे लाईट जाणं ही रोजची गोष्ट. चिन्ह तेच, वाचणारा बदलला की अर्थ बदलला.

स्टुअर्ट हॉल या ब्रिटिश अभ्यासकाने १९७३ मध्ये हीच गोष्ट नीट मांडली. बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो, बघणारा आपल्या जागेवरून तो उलगडतो. उलगडायच्या तीन तऱ्हा त्याने सांगितल्या: जसा पाठवला तसा घेणं, थोडा मान्य करून थोडा आपल्या हिशोबाने वळवणं, आणि सरळ विरोधात वाचणं. परीक्षेत लिहिताना पोरं ही तीन नावं पाठ करून टाकतात आणि पुढं काहीच लिहीत नाहीत. तसं करू नका, एक खरा बघणारा माणूस आणा, तो कुठं बसून बघतोय ते सांगा, तुमचं उत्तर तिथंच वेगळं होईल.

आणि एक. याच सीझनमध्ये दिव्याचा अर्थ बदलतो. विलची आई जॉइस घरभर ख्रिसमसच्या माळा लावते, भिंतीवर ए बी सी डी लिहिते, आणि मुलगा त्या दिव्यांतून तिच्याशी बोलतो. ज्या दिव्याला आपण पहिल्या सीनमध्ये घाबरलो तोच आता लेकराचा आवाज झाला. चांगली सिरीज स्वतःची भाषा अशी घडवते आणि मग मोडते. असा बदल सापडला की त्याच्यावर थांबा, पुढं पळू नका.

पाचवी पायरी, कॅमेरा आणि कट

हे पटकन सांगते, कारण यावर व्हिडिओ ढीगभर आहेत. कॅमेरा खालून वर बघतो तेव्हा माणूस मोठा वाटतो, वरून खाली बघतो तेव्हा लहान वाटतो, क्लोजअपमध्ये आपण त्याच्या मनात शिरतो. पण हा पाढा नाही. जिथं जिथं लो अँगल दिसेल तिथं 'सत्ता' लिहून मोकळं होऊ नका. लहान पोरांच्या गोष्टीत कॅमेरा त्यांच्या उंचीवर ठेवला तर मोठी माणसं आपोआप खालून दिसतात, तिथं सांगायचं ते एवढंच असेल की हे जग पोरांच्या नजरेतून बघा.

कपडे आणि मेकअप मात्र सोडू नका. दूरदर्शनवर १९९४ ला 'चंद्रकांता' सुरू झाली, देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीवरून. ज्यांनी रविवारी सकाळी ती बघितलीय त्यांना क्रूरसिंगच्या भुवया विसरणं शक्य नाही. त्याने तोंड उघडून 'यक्कू' म्हणायच्या आधी भुवयांनीच सगळं सांगितलेलं असायचं. घरी आईवडिलांना विचारा, ते लगेच सांगतील. मग त्यांना विचारा, राजकुमाराच्या भुवया कशा होत्या? आठवणार नाही. वाईट माणसाच्या चेहऱ्यावर काम केलं जातं आणि चांगल्याचा चेहरा 'नॉर्मल' म्हणून सोडला जातो. इथून रिप्रेझेंटेशन सुरू होतं.

सहावी पायरी, कुणाला कसं दाखवलं

इथं मी पोरांना चार प्रश्न देते. सीनमध्ये कोण करतं आणि कुणाकडे बघितलं जातं? कोण बोलतं? कोण नाहीच आहे? आणि जे दाखवलं त्याचं कारण गोष्टीच्या आत आहे की बाहेर?

चौथ्या एपिसोडमधला गुलाबी फ्रॉकचा सीन घ्या. पोरांना इलेव्हनला शाळेत न्यायचंय, तिथल्या मोठ्या रेडिओवरून विलशी संपर्क करायला. तिचं डोकं भादरलेलं, अंगावरचे कपडे पोराचे, म्हणून तिला मित्रांपैकी माईकच्या बहिणीचा, नॅन्सीचा, जुना गुलाबी फ्रॉक घालतात, सोनेरी केसांचा विग लावतात. ती समोर येते तेव्हा पोरं बघतच राहतात. माईकच्या तोंडून 'प्रिटी' निघून जातं, मग तो सावरून 'प्रिटी गुड' असं करतो, म्हणजे सुंदर म्हणता म्हणता 'बरी दिसतेस' वर येतो. आणि मग ती आरशात स्वतःकडे बघते आणि तेच दोन शब्द म्हणते.

लॉरा मल्व्ही या ब्रिटिश सिनेमा-अभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये सिनेमाबद्दल लिहिलं होतं की पडद्यावर बघणारा पुरुष असतो आणि बाई बघण्यासाठी असते. या सीनला ते लावून बघा. पोरं बघतात, इलेव्हन बघितली जाते, आणि स्वतःचं नाव काय ते नीट माहीत नसलेली पोरगी 'आपण चांगलं दिसतो' हे पोराच्या शब्दांतून शिकते. गोष्टीच्या आतलं कारण आहे, वेषांतर. पण वेषांतर टोपी घालूनही झालं असतं. गुलाबी फ्रॉकच का?

आता दुसरी बाजू पण लिहा, नाहीतर उत्तर अर्धवट राहतं. फ्रॉक घातलेली हीच पोरगी पुढं ताकदीने सगळ्यांना वाचवते आणि फ्रॉक मळत, फाटत जातो. ती शक्ती वापरते तेव्हा दर वेळी तिच्या नाकातून रक्त येतं. मला हे रक्त सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलीला एवढी शक्ती दिली, पण प्रत्येक वेळी ती तिच्याच अंगातून वसूल केली. काही पोरींचं म्हणणं असं की यातून तिची जिद्द दिसते, मला त्यात बाईने सोसायचंच असतं ही जुनी सवय दिसते. आमचा वाद झाला आणि मिटला नाही, दोन्ही बाजूंना सीनमधला पुरावा होता.

जॉइसकडे पण बघा. दिव्यांशी बोलणारी, घराच्या भिंतीवर अक्षरं लिहिणारी आई, गावाला ती वेडी झालीय असं वाटतं. आमच्यातल्या एकाने वहीत सरळ लिहिलं, 'मानसिक संतुलन गेलेलं'. अक्का तेव्हा म्हणाल्या, "लेकरू गेल्यावर आई दिव्याशीच बोलणार की. अजून कुणाशी बोलणार?" त्या पोराने शब्द खोडला. सिरीजही शेवटी आईलाच खरी ठरवते, पण त्याआधी बराच वेळ आपल्याला गावाच्या बाजूला उभं करते. कॅमेरा कधी तिच्यासोबत आणि कधी तिच्याकडे बघणाऱ्यांसोबत आहे, हे मोजून बघा.

मोजणं खरंच करा. काडी काडी मारत डायलॉग मोजा. दोन बायका एकमेकींशी किती वेळा बोलतात आणि पुरुषाशिवाय दुसऱ्या विषयावर किती? पहिल्या सीझनमध्ये जॉइस, नॅन्सी, इलेव्हन बराच काळ आपापल्या गोष्टीत वेगवेगळ्या आहेत. म्हणून सातव्या एपिसोडमध्ये मिठाच्या पाण्याच्या टबाजवळ जॉइस इलेव्हनला धीर देते ते मिनिटभराचं बोलणं एवढं लागतं.

जातीचा, वर्णाचा प्रश्न पण पडद्यावर असतो, दिसला नाही तरी. चौघा मित्रांत लुकस एकटाच कृष्णवर्णीय. दुसऱ्या सीझनमध्ये, २०१७ चा, हॅलोवीनला चौघं 'घोस्टबस्टर्स'चे कपडे घालून शाळेत येतात आणि माईक आणि लुकस दोघंही एकाच हिरोचं नाव लावून येतात. माईकचं म्हणणं, तू विन्स्टन व्हायला हवा होतास. १९८४ च्या त्या सिनेमात विन्स्टन हा टीममधला एकटा कृष्णवर्णीय माणूस. लुकस त्याला विचारतो, मग तूच का होत नाहीस? माईककडे उत्तर नसतं. मिनिटभराचा सीन, हसत हसत जातो, पण इथं सिरीज स्वतःच रिप्रेझेंटेशनचा धडा देते: कुणाला कुठला रोल 'शोभतो' हे आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरवणारा मित्रच असतो.

आता हेच आपल्याकडे लावा. आपली सोलापुरी, 'काय करायलास बे', 'कुठं चाललास', ही मराठी मालिकेत कुणाच्या तोंडी येते? मला बहुतेक वेळा ती ड्रायव्हरच्या, गड्याच्या, हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी ऐकू आलीय, आणि देव, राजा, जादूगार सगळे पुस्तकी मराठी बोलतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी बोलणारं आपलं शहर, पण पडद्यावरच्या दैवी शक्तीला आपला हेल कधीच नसतो. मला हे मनापासून लागतं. तुम्ही बघत असलेल्या पुढच्या मालिकेत प्रत्येक पात्राच्या नावापुढं त्याची बोली लिहा, नुसती यादी केली तरी चित्र समोर येतं.

सातवी पायरी, कुणी, कधी, कुणासाठी

गोष्ट १९८३ ची, पण बनली २०१६ ला. सायकली, वॉकी-टॉकी, टायटलची लाल अक्षरं जुन्या भयकथांच्या पुस्तकांच्या कव्हरवरची वाटावीत अशी, सिंथेसायझरचं संगीत, आणि जॉइसच्या रोलमध्ये विनोना रायडर, जी स्वतः ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांतून पुढं आली. ज्यांचं बालपण त्या काळातलं त्यांना आठवण विकली जाते, आणि आपल्यासारख्यांना, ज्यांच्याकडे तेव्हा सायकल होती पण तळघर नव्हतं, एक परकी आठवण आपली वाटायला लागते. लॅब सरकारी आहे हेही विसरू नका, अमेरिका-रशिया शीतयुद्धाचा काळ आहे, संशय हवेत आहे. आठही एपिसोड एकदम आल्यामुळे प्रत्येकाचा शेवट असा बांधलाय की पुढचा लगेच लावावा. हेही भाषेतच मोजायचं.

लिहिताना

एक मुद्दा, एक पुरावा, मग परिणाम, आणि शेवटी कोण कसं वाचेल. असं काहीतरी:

'पहिल्या सीनमध्ये राक्षस दाखवलेला नाही. शास्त्रज्ञ वर बघतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच राहतो आणि घुरघुर फक्त ऐकू येते. त्यामुळे धोक्याला आकार बघणाऱ्याच्या मनात मिळतो. पांढरा कोट एरवी ज्ञान आणि अधिकार दाखवतो, इथं तोच माणूस लिफ्टचं बटण दाबत असहाय होतो, म्हणजे मोठ्यांची व्यवस्था पहिल्या मिनिटालाच हरलेली दाखवली आणि पुढची लढाई तळघरातल्या पोरांकडे सोपवली.'

यात 'दिग्दर्शकाने खूप छान दाखवलंय' असं कुठंच नाही. छान हा शब्द महिनाभर बंद ठेवा. अभ्यासकांची नावं शेवटी लावा, आधी नाही, आधी लावली की सीन त्या नावात कोंबला जातो. आणि 'समाजावर वाईट परिणाम होतो' हे वाक्य तर लिहूच नका, तुम्ही समाज मोजलेला नाही, सीन बघितलाय.

सुरुवात करायची असेल तर हा तुकडा घ्या: सीझन एक, एपिसोड सहा, इलेव्हन पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघते आणि विग काढून टाकते. आधी म्यूटवर तीनदा. चौथ्या एपिसोडमधला आरसा शेजारी ठेवा. दोन्ही ठिकाणी ती स्वतःकडे बघते, पण दुसऱ्या वेळी आसपास एकही पोरगा नाही.